जे आपलं नाही ते पदरी घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा : "मी एकेचाळीस वर्षांची, पेशाने नर्स. अडीच वर्षांपूर्वी पप्पा गेले. त्यांना जुनी शुगर होती. दोन दिवस छातीत जळजळ होतेय म्हणत होते, मी ॲसिडिटीची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तर हार्ट अटॅक निघाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मुगाची खिचडी मागितली. ती करून आणायला घरी गेले आणि त्या पाऊण तासात ते गेले. नर्स असून मला कळलं नाही, आणि शेवटी मी जवळही नव्हते. त्याच्या पंधरा दिवस आधी भावाबरोबरच्या जमिनीच्या वाटणीवरून मी त्यांना फार टाकून बोलले होते, आठवडाभर फोन उचलला नव्हता. रोज क्षमा मागते, शुक्रवारी उपास करते, तरी शांती नाही. आठ महिने चर्चमधलं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेतलेलं नाही. प्रार्थना गटातल्या एक बाई म्हणाल्या, घरात न कबूल केलेलं काही पाप असणार, म्हणून देवाने हे होऊ दिलं. माझा विश्वास कमी पडतोय का?"

सलाम ताई.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गोळी, खिचडी आणि भांडण अशा तीन निरनिराळ्या गोष्टी तुम्ही एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, आणि ते गाठोडं रोज रात्री देवापुढे नेऊन ठेवता व सकाळी तसंच उचलून परत आणता. आधी गाठोडं सोडू. त्यातलं सगळं तुमचं नाही.

मी सत्तावीस वर्षं चर्चचा पाळक आहे. त्यातली अकरा एका मिशन हॉस्पिटलात रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या सोबतीत गेली. तिथल्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून जे झालं ते आधी सांगतो, कारण तुम्हाला जे सांगायचंय ते मी तिथेच शिकलो.

बाळंतपणाच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर एक तरुण बाई होती. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं होतं. छातीला फडकं घट्ट बांधलेलं, कारण दूध यायला लागलं होतं. ती म्हणाली, "पाळकसाहेब, मी पाण्याचा हंडा उचलला. सासूबाई नको म्हणाल्या होत्या, तरी उचलला." तिचं ओझं हलकं करावं एवढंच माझ्या मनात होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि म्हणालो, "देवाने तुला क्षमा केली आहे." तिने डोळे उघडले आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे माझंच चुकलं होतं ना?"

मला उत्तर देता आलं नाही. क्षमा अपराधाला लागते. जिथे अपराधच नाही तिथे क्षमा जाहीर केली की त्या नसलेल्या अपराधावर देवाच्या नावाने शिक्का बसतो, आणि तो शिक्का मी मारला होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन मी पुन्हा तिच्याकडे गेलो. त्यांनी तिला नाळेला पडलेल्या गाठीबद्दल सांगितलं, हंड्याचा काही संबंध नाही हे दोनदा सांगितलं. मी तिची माफी मागितली. मग ती रडली, आणि ते रडणं वेगळं होतं. बाळासाठी ती तेव्हा पहिल्यांदा रडली. तोवर तिला बाळासाठी रडायला जागाच मिळाली नव्हती. सगळी जागा हंड्याने अडवली होती.

तेव्हापासून कोणी "मला क्षमा मिळेल का" असं विचारलं की मी आधी "कशाची?" असं विचारतो.

बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन तुम्हाला पाठ असणार : "जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील." मला यातला 'पदरी घेणे' हा मराठी शब्दप्रयोग फार आवडतो. नुसतं कबूल करणं नव्हे. हे माझं आहे म्हणून स्वतःच्या पदरात घ्यायचं, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. पण त्याच वाक्यात 'आपली' हा शब्दही आहे, आणि वाचताना आपण तो गिळून टाकतो. आपली पापे. पदर आपला असेल तर त्यात पडणारंही आपलंच असायला हवं. आजार, योगायोग, शरीराचा धर्म, दुसऱ्यांचे निर्णय, जे त्या घडीला कोणालाच कळण्यासारखं नव्हतं, हे सगळं पदरी घेतलं तर तो पश्चात्ताप होत नाही. देव त्याची क्षमा करत नाही, कारण त्याच्या दरबारात तो अपराध नोंदलेलाच नाही. तुम्ही अडीच वर्षं ज्याची क्षमा मागत आहात त्यातल्या बऱ्याच गोष्टींना उत्तर येत नाही ते यामुळे. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही.

आता गोळी.

जुना मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा नेहमीसारखी छातीत कळ येईलच असं नाही. जळजळ, धाप, घाम, नुसता थकवा असंही येतं, हे तुम्ही मला शिकवाल. मग तुम्ही म्हणाल, "तेच तर! मला माहीत होतं." हो, पुस्तकातून माहीत होतं. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या तुमच्यासमोर पुस्तकातला रुग्ण नव्हता. वर्षानुवर्षं जेवणानंतर जळजळतंय म्हणणारे तुमचे पप्पा होते. आज तुम्हाला शेवट ठाऊक आहे, आणि त्या शेवटाचा दिवा हातात धरून तुम्ही मागच्या दोन दिवसांत फिरता आहात. त्या उजेडात सगळंच लख्ख दिसणार. त्या दिवशी तो दिवा तुमच्या हातात नव्हता.

कॅथलिक शिकवणीत गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब गंभीर असावी, ती तशी आहे हे पूर्ण माहीत असावं, आणि तरीही मनापासून ठरवून ती केलेली असावी. मी प्रोटेस्टंट पाळक, पण ही मोजपट्टी मला रोज उपयोगी पडते. तुम्ही गोळी दिलीत ती त्यांना बरं वाटावं म्हणून. निदान हुकलं असेल. त्याला चूक म्हणा, मी नाही म्हणणार नाही. तुम्ही प्रामाणिक बाई आहात आणि खोट्या दिलाशाने तुमचं समाधान होणार नाही. पण चूक आणि पाप यांत अंतर आहे. चुकीतून माणूस शिकतो आणि पुढच्या रुग्णाच्या जळजळीकडे जास्त लक्ष देतो. तुम्ही देत असणार. ती चूक वधस्तंभापाशी नेऊन तिच्यासाठी उपास करायची गरज नाही.

खिचडीवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण तुमची खरी जखम तिथे आहे असं मला वाटतं.

अकरा वर्षांत मी असं कितीदा पाहिलं! रात्र रात्र उशाशी बसलेली मुलगी चहा प्यायला खाली जाते आणि बाप जातो. मुलगा औषधाच्या चिठ्ठीसाठी रांगेत उभा असतो आणि आई जाते. वॉर्डात काम करणाऱ्या तुम्हालाही हे नवं नसणार. दुसऱ्याच्या बाबतीत तुम्ही त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला असाल, "तू काय करणार होतीस गं?" ते तुम्ही मनापासूनच म्हटलं असणार.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. येशूचा मित्र लाजर आजारी पडतो, बहिणी निरोप पाठवतात, आणि येशू निरोप मिळूनही आहे त्याच ठिकाणी आणखी दोन दिवस राहतो. तो बेथानीला पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वेशीबाहेर जाऊन त्याला गाठते आणि म्हणते, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." थोड्या वेळाने मरीया येते, पायांवर पडते आणि तेच वाक्य बोलते. दोघी बहिणींनी चार दिवस घरात दुसरं काय घोकलं असणार! तुमच्या घरातही तेच वाक्य फिरतंय, फक्त तुम्ही 'आपण'च्या जागी 'मी' घातलंय. मी तिथे असते तर.

येशू त्यांना गप्प करत नाही, 'असं बोलू नका, विश्वास ठेवा' असं त्यांना झापत नाही, आणि उशीर का झाला याचा खुलासाही देत नाही. मरीयेला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून त्याचा जीव कासावीस होतो. मग ते दोन शब्दांचं वचन येतं : येशू रडला. पुढच्या काही घटकांत तो लाजराला मेलेल्यातून उठवणार आहे, तरी आधी रडतो. म्हणजे हे 'असता तर' देवाला ओळखीचं आहे, आणि त्यावर त्याचं पहिलं उत्तर अश्रू आहेत.

आपल्या मराठीत या भावनेला किती शब्द आहेत बघा. हळहळ, रुखरुख, चुटपुट, खंत. शेवटच्या घडीला हात हातात नव्हता याची रुखरुख तुम्हाला जन्मभर राहील, आणि ती राहू द्या. ते प्रेमाचंच दुसरं नाव आहे. पण रुखरुखीला अपराधाचं नाव दिलं की तिला शिक्षा शोधावी लागते, आणि शिक्षा भोगायला घरात तुम्हीच असता. खूपदा माणसाला अपराधीपणा दुःखापेक्षा सोसायला सोपा जातो. 'माझ्यामुळे झालं' म्हटलं की निदान ते माझ्या हातात होतं असं तरी वाटतं. काहीच हातात नव्हतं हे मान्य करणं त्याहून भयंकर. मला वाटतं, तुम्ही पप्पांसाठी अजून पुरतं रडलेल्याच नाही आहात.

आणि त्या पाऊण तासात तुम्ही कुठे होतात? त्यांनी मागितलेलं शिजवत होतात.

प्रार्थना गटातल्या बाईंबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांच्या म्हणण्याला शास्त्रात सरळ उत्तर आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण ठार झाले, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होते असं वाटतं का, असं तो स्वतःच विचारतो आणि नाही म्हणतो. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग बोलायला लागले, त्याच्या दुःखाचं मूळ त्याच्या पापात शोधायला लागले, आणि शेवटी देवाचा क्रोध त्यांच्यावर भडकला. त्या बाईंचा हेतू वाईट नसेल. पण असं बोलणाऱ्याच्या घरी काही काळ प्रार्थनेला गेलं नाही तरी चालतं.

आता भांडण. इथे मी तुमची पाठ थोपटणार नाही.

तुम्ही वडिलांना टाकून बोललात आणि आठवडाभर फोन उचलला नाहीत. हे माहीत असून, ठरवून केलेलं आहे. हे तुमचं आहे, हे पदरी घ्या. पत्रात गोळीवर आणि खिचडीवर तुम्ही पानभर लिहिलंत आणि यावर दोनच ओळी, त्याही मध्येच. मी वर्षानुवर्षं हेच पाहत आलोय : जो दोष आपला नाही तो माणूस मोठमोठ्याने कबूल करत राहतो, आणि जो खरोखर आपला आहे तो त्याच्या आड निवांत बसलेला असतो. खोट्या अपराधाची क्षमा मिळू शकत नाही, आणि खऱ्याची मागितली जात नाही. मग शांती येणार कुठून?

म्हणून असं करा. रविवारच्या उपासनेतल्या सामुदायिक पापांगीकारावर भागवू नका. तुमच्या पाळकांना, किंवा जिच्या तोंडातून गोष्ट बाहेर जाणार नाही अशा एखाद्या वडीलधाऱ्या बहिणीला वेळ मागा. समोर बसा आणि नेमकं बोला : कोणत्या दिवशी, कोणते शब्द. 'मी चांगली मुलगी नव्हते' असलं मोघम नको. ते शब्द उच्चारताना घसा दाटेल, तरी उच्चारा. याकोब सांगतो, एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा; त्याला कारण आहे. दुसऱ्या माणसाच्या तोंडून 'ख्रिस्ताच्या नावाने तुझी क्षमा झाली आहे' हे कानांनी ऐकावं लागतं. आपलं मन स्वतःला ते कधीच नीट ऐकवत नाही. हे एकदाच करा.

पप्पांची माफी आता मागता येत नाही ही बोच राहते. पण वाटणीचं ते प्रकरण अजून मिटलेलं नसेल तर भाऊ जिवंत आहे. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने ज्यांचं लुबाडलं होतं त्यांना चौपट परत देतो म्हटलं. तो हिशोब त्याने जिवंत माणसांशीच पुरा केला. भावाला फोन करा आणि त्या भांडणातला तुमचा वाटा सांगा, त्याचा वाटा काढू नका. एवढं झालं की त्या प्रकरणात देवाकडून काही बाकी उरत नाही. आणि लक्षात घ्या, त्या आठवड्यानंतर तुम्हीच त्यांना गोळी दिलीत, तुम्हीच दवाखान्यात नेलंत आणि त्यांनी खिचडी तुमच्याकडेच मागितली. बापाने लेकीकडे जेवण मागितलं, ताई. यातून मी काय समजायचं?

तरीही उद्या रात्री पुन्हा तेच मनात येईल. येणारच; अडीच वर्षांची वहिवाट आहे. तेव्हा काय करायचं यासाठी एक जुनं उदाहरण देतो. पुढे जेझुइट संघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी राहत होता. त्याने आधीच तीन दिवस घेऊन आयुष्यभराचं पापनिवेदन केलं होतं. तरी त्याला वाटत राहिलं, काहीतरी राहिलं, काहीतरी नीट सांगितलं नाही. पुन्हा पुन्हा कबुली. त्याच्या धर्मगुरूने बजावलं, मागचं काही सांगू नकोस, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पण त्याला सगळंच स्पष्ट वाटे! शांती मिळेपर्यंत जेवणार नाही म्हणून तो आठवडाभर उपाशी राहिला, जीव द्यावा असंही मनात येऊन गेलं. धर्मगुरूंनी उपास सोडायला लावला. शेवटी सुटका झाली ती त्याने एक ठरवलं तेव्हा : जे एकदा सांगितलं ते पुन्हा सांगायचं नाही. या छळाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेतला खडा. माणूस चालत राहतो आणि दर पावलाला टोचतं.

तेव्हा शुक्रवारचा उपास सध्या बंद करा. उपास चांगला आहे, पण तुम्ही तो शिक्षा म्हणून करताय, आणि शिक्षा ख्रिस्ताने भोगून झाली आहे. कबुली दिल्यावर ते मनात आलं तर पुन्हा क्षमा मागू नका, 'प्रभू, हे तुझ्याकडे दिलेलं आहे' एवढंच म्हणा आणि हातातलं काम करा. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की खरं दुःख माणसाला पश्चात्तापाकडे, तारणाकडे नेतं, आणि दुसरं एक दुःख असतं ते मरणाकडे नेतं. ओळखायची खूण मी अशी सांगतो : पहिलं दुःख नेमकं काय करायचं ते सांगतं, आणि ते केलं की थांबतं. दुसरं घाण्याच्या बैलासारखं फिरवतं, कुठेच पोचवत नाही.

'स्वतःला क्षमा कर' असंही तुम्हाला कोणी सांगेल. तो सल्ला मी देत नाही. त्यात फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश तिन्ही तुम्हीच होता. पौल म्हणतो, मी स्वतःचा न्यायनिवाडाही करत नाही. न्याय करणारा प्रभू आहे. मला यात फार मोठा विसावा वाटतो. योहानही त्याच पहिल्या पत्रात सांगतो की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असेल, तर देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. सगळं, म्हणजे खिचडीही.

एक गोष्ट निक्षून सांगतो. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, एकच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात, म्हणजे ओसीडी, तो पापाच्या भीतीचं रूप घेऊनही येतो, आणि त्यावर गोळ्या आहेत, उपचार आहेत. शुगरच्या गोळीने पप्पांचा विश्वास कमी झाला नव्हता. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर मराठीतही मिळते, पैसे लागत नाहीत.

राहिलं प्रभुभोजन. आठ महिने तुम्ही मेजापासून लांब आहात, कारण 'अयोग्य प्रकारे' भाकर खाणारा दोषी ठरतो हे करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं वचन तुम्हाला अडवतं. आपल्या मंडळ्यांत किती चांगली माणसं या एका शब्दापायी मागच्या बाकावर बसून राहतात! पण त्याच अध्यायात थोडं वर वाचा. करिंथात काही लोक आधीच जेवून घेत, पिऊन तर्र होत, आणि गरीब भाऊबहिणी उपाशी राहत. पौल रागावलाय तो त्यावर. 'अयोग्य प्रकारे' म्हणजे भावंडांना तुच्छ लेखून, बेपर्वाईने. त्याने अयोग्य माणसांना हाकललेलं नाही. तसं असतं तर त्या मेजावर कोण बसलं असतं? पहिल्या भोजनाला येशूचा शिष्य पेत्र होता, आणि काही तासांतच तो 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणणार होता. येशूला ते ठाऊक होतं. तसं त्याने त्याला सांगितलंही. तरी भाकर त्याच्या हातात दिली.

तुमच्याकडे प्रभुभोजन बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी असेल. त्याआधी पाळकांना भेटून घ्या, भावाला फोन करा. त्या रविवारी पुढे जा, ओंजळ पुढे करा आणि जे देतील ते घ्या. आणि मधल्या एखाद्या संध्याकाळी मुगाची खिचडी करा. अडीच वर्षांत तुम्ही ती केली नसावी, असा माझा अंदाज आहे.